एकाच खिडकीतली पारख

पेढीवरच्या विक्रीत ग्राहक दुकानदाराच्या दारी येतो. माल, माप, भाव आणि पावती हे सारे दुकानदाराच्या नजरेखाली घडते. काटा बिघडला तर तो त्याच दिवशी ध्यानात येतो. संकेतस्थळावरून होणाऱ्या विक्रीत ही व्यवस्था उलटी होते. दुकानदार आपल्या सर्व्हरवरून केवळ सूचना पाठवतो. प्रत्यक्ष दुकान मांडले जाते ते ग्राहकाच्या हातातील मोबाइलवर किंवा टेबलावरील संगणकावर, आणि मांडण्याचे ते काम ब्राउझर करतो. कोणाकडे क्रोम असतो, कोणाकडे सफारी, कोणाकडे एज किंवा फायरफॉक्स. सूचना एकच असली तरी ती वाचणारे कारागीर निरनिराळे असल्यामुळे दुकानाची मांडणीही कमीअधिक निराळी होते. एखाद्या ब्राउझरमध्ये ‘पैसे भरा’ हे बटण दबलेच नाही, तर तो ग्राहक बहुधा तक्रार न करता निघून जातो. रोजमेळात त्याची नोंद कोठेच होत नाही, कारण न झालेल्या विक्रीची पावती फाटत नसते.

हा मुका तोटा टाळण्यासाठी संकेतस्थळाची चाचणी घेतली जाते. वस्तू निवडावी, टोपलीत घालावी, पत्ता भरावा, रक्कम तपासावी, मागणी नोंदवावी, अशी एकेक वाट चालून पाहायची असते. अशा वीस वाटा आणि पाच ब्राउझर धरले तर एका तपासणीस शंभर फेऱ्या होतात. शिवाय संकेतस्थळात लहानसा बदल केला तरी पूर्वी चालणारी एखादी वाट अडू शकते, म्हणून प्रत्येक बदलानंतर पुन्हा शंभर फेऱ्या. माणूस पहिल्या दहा फेऱ्या डोळे उघडे ठेवून करतो. त्यापुढे हात चालतो आणि नजर थकते. ही हमाली यंत्राकडे सोपवावी, हा विचार त्यातूनच आला. एकदा माणसाने करून दाखवावे, यंत्राने ते नोंदवून घ्यावे आणि पुढे हवे तेव्हा, हव्या त्या ब्राउझरमध्ये जसेच्या तसे करावे, अशी ही कल्पना. ऐकताना ती निर्दोष वाटते. व्यवहारात मात्र ‘हव्या त्या ब्राउझरमध्ये’ या तीन शब्दांपाशीच ती अडखळते.

या क्षेत्रातील सर्वांत परिचित साधन म्हणजे सेलेनियम. २००४ मध्ये थॉटवर्क्स या कंपनीत काम करणारे जेसन हगिन्स कंपनीच्या अंतर्गत वापरातील एका संगणकप्रणालीची तपासणी करीत होते. त्याच त्या फेऱ्या हाताने करण्याचा वीट आल्यामुळे त्यांनी जावास्क्रिप्टमध्ये अशी रचना लिहिली, जी पानावरील बटणे स्वतः दाबू शके आणि तीच चाचणी अनेक ब्राउझरमध्ये पुन्हा चालवू शके. म्हणजे अनेक ब्राउझरांचा प्रश्न या साधनाच्या जन्मापासूनच त्याच्या सोबतीला आहे. नावामागची कथा गमतीची आहे. त्या काळी चाचणीची महागडी साधने विकणाऱ्या एका बड्या कंपनीचे नाव मर्क्युरी, म्हणजे पारा, असे होते. आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम उतारा ठरते, या समजुतीवरून हगिन्स यांनी विनोदाने हे नाव सुचवले. २००६ मध्ये जपानचे शिन्या कासातानी यांनी या साधनाला फायरफॉक्समध्ये बसवून नोंद घेणारी जोड तयार केली आणि ती सेलेनियम प्रकल्पास देऊन टाकली. सेलेनियम आयडीई या नावाने ती प्रसिद्ध झाली. आज्ञावली लिहिता न येणाऱ्या माणसालाही तिच्यामुळे चाचणी तयार करता येऊ लागली.

तिची वही व्यापाऱ्याला चटकन कळावी अशीच आहे. प्रत्येक ओळीत तीन रकाने असतात: काय करायचे, कशावर करायचे आणि कोणते मूल्य घालायचे. पान उघडा, या बटणावर क्लिक करा, या चौकटीत ‘२’ लिहा. किर्दीत जसा व्यवहार घडेल तसा ओळीने उतरतो, तशी ही नोंद उतरत जाते. पडताळणीच्या आज्ञा दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात फरक आढळताच चाचणी तेथेच थांबते. दुसऱ्या प्रकारात फरकाची नोंद होऊन चाचणी पुढे चालू राहते. हिशेब तपासनीसही असेच करतो. काही त्रुटींवर तो शेरा मारून पुढे जातो, तर रोख शिल्लक जुळली नाही की वही मिटून खुलासा मागतो.

आता ही वही दुसऱ्या ब्राउझरपुढे ठेवली म्हणजे काय होते ते पाहावे. पहिली अडचण पत्त्याची आहे. ‘कशावर करायचे’ या रकान्यात यंत्राने बटणाचा पत्ता लिहिलेला असतो. तो पत्ता कधी बटणाच्या नावाने असतो, तर कधी ‘तिसऱ्या तक्त्यातील दुसऱ्या ओळीतील चौथे घर’ अशा खाणाखुणांनी. या दुसऱ्या पद्धतीला एक्सपाथ म्हणतात. मध्ये एखादी जाहिरात आली किंवा तक्ता वाढला की पत्ता चुकतो. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये तर संकेतस्थळाच्या पानावर असा पत्ता शोधण्याची अंगभूत सोयच नव्हती. ते काम सेलेनियमला जावास्क्रिप्टमधील वेगळ्या जोडणीकडून करून घ्यावे लागे आणि त्यामुळे फायरफॉक्समध्ये झटपट होणारी चाचणी तेथे रांगत असे. काही संकेतस्थळांत बटणाचे अंतर्गत नाव दर वेळी नव्याने घडते. आज सतरावा असलेला क्रमांक उद्या एकविसावा होतो. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर वरची सारी यादी तीन रेघांच्या एका चिन्हात घडी होऊन बसते, आणि मोठ्या पडद्यावर नोंदवलेला दुवा तेथे दिसतच नाही.

दुसरी अडचण वेळेची. नोंद घेताना माणूस पान दिसेपर्यंत स्वाभाविकच थांबतो. पण तो कशासाठी थांबला हे वहीत उतरत नाही. आजच्या संकेतस्थळांत पान पूर्ण उघडल्यावरही मागून माहिती येत राहते. पिनकोड लिहिला की पोहोचवण्याचा खर्च क्षणभराने दिसतो. एका ब्राउझरमध्ये तो अर्ध्या सेकंदात येतो, दुसऱ्यात दोन सेकंद लागतात. यंत्र तेवढे थांबत नाही. ते रिकाम्या चौकटीवरच क्लिक करते आणि चाचणी नापास ठरते. यावर उपाय म्हणून अनेक जण प्रत्येक ओळीनंतर पाच सेकंदांचा विराम घालतात. मग चाचणी दहापट लांबते आणि ज्या दिवशी सहा सेकंद लागतील त्या दिवशी पुन्हा कोसळते.

तिसरी अडचण अधिकाराची आहे आणि ती पैशाच्या टप्प्यावरच आडवी येते. एका संकेतस्थळाच्या जावास्क्रिप्टने दुसऱ्या संकेतस्थळाच्या पानात हात घालू नये, असा ब्राउझरांचा सुरक्षेचा नियम आहे. तो योग्यच आहे. तो नसता तर कोणत्याही फालतू पानाने शेजारच्या पानातील बँकखाते वाचले असते. परंतु सुरुवातीचे सेलेनियम स्वतःच जावास्क्रिप्टमध्ये असल्यामुळे दुकानाच्या पानावरून पैसे भरण्याच्या वेगळ्या संस्थेच्या पानावर जाताच त्याचे हात बांधले जात. पुढे सेलेनियम आरसी या आवृत्तीने मध्ये दलालासारखा एक सर्व्हर उभा करून वाट काढली. तरीही फाइल निवडण्याची चौकट, सुरक्षा प्रमाणपत्राचा इशारा, छपाईची खिडकी या गोष्टी पानाच्या बाहेर, संगणकाच्या प्रांगणात उघडतात आणि प्रत्येक ब्राउझरमध्ये वेगळ्या दिसतात. पानाची नोंद घेणाऱ्या वहीत त्यांना जागा नाही. मोबाइलवर येणारा ओटीपी तर नोंदवून उपयोगच नसतो, कारण तो एकदाच वापरण्यासाठी असतो.

चौथी अडचण दिसायला किरकोळ, परंतु हिशेबाला थेट भिडणारी आहे. ती तारखेची. तारीख निवडण्याची चौकट प्रत्येक ब्राउझर आपल्या पद्धतीने दाखवतो. फायरफॉक्समध्ये ती २०१७ मध्ये आली, संगणकावरील सफारीत २०२१ मध्ये. त्याआधी तेथे साधी लिहिण्याची चौकट दिसे. क्रोममध्ये ही चौकट संगणकाच्या भाषा-प्रदेशानुसार दिवस आणि महिना यांचा क्रम ठरवते. भारतीय मांडणीत ०३-०४-२०२४ हे अंक कळफलकावरून टंकले तर ३ एप्रिल होते. अमेरिकी मांडणीत तेच अंक ४ मार्च होतात. अंक तेच, चौकट तीच, परंतु व्यवहार मागील आर्थिक वर्षात जाऊन बसतो. चाचणीचे सर्व्हर पुष्कळदा परदेशी मांडणीवर चालतात. ३१ मार्चची तारीख टंकली असती तर अमेरिकी मांडणीत एकतिसावा महिना नसल्यामुळे गडबड उघडकीस आली असती. ३ एप्रिलच्या बाबतीत यंत्र काहीच आक्षेप घेत नाही आणि हिरवी खूण दाखवते.

रकमेच्या पडताळणीतही असेच घडते. भारतीय पद्धतीने १,२५,००० असे स्वल्पविराम पडतात, पाश्चात्त्य मांडणीत तीच रक्कम १२५,००० अशी दिसते. रुपयाचे चिन्ह आणि आकडा यांच्यामधील कोरी जागा कधी साधी असते, कधी ओळ न तुटणारी विशेष जागा असते. डोळ्यांना दोन्ही सारख्याच. अक्षर-अक्षर ताडून पाहणाऱ्या यंत्राला मात्र त्या भिन्न. मग रक्कम बरोबर असूनही चाचणी ‘चूक’ म्हणते.

या साऱ्यावर कडी करणारा प्रसंग २०१७ मध्ये घडला. सेलेनियम आयडीई ही फायरफॉक्सच्या आश्रयाने राहणारी जोड होती. फायरफॉक्सने त्या वर्षी जुन्या पद्धतीच्या जोडण्यांचा आधार काढून घेतला. नोव्हेंबरमध्ये आलेल्या ५७ व्या आवृत्तीत त्या चालेनाशा झाल्या. ज्या घराच्या ओसरीवर हे साधन राहत होते, ते घरच नव्याने बांधले गेले. जुन्या वह्या शाबूत होत्या, त्या वाचणारा मात्र उरला नाही. पुढे हे साधन नव्याने लिहिले गेले आणि ते क्रोम व फायरफॉक्स दोहोंत बसू लागले. नव्या आवृत्तीत एका बटणाचे अनेक पत्ते नोंदवले जातात, म्हणजे एक चुकला तर दुसरा वापरता येतो. नोंद एका ब्राउझरमध्ये घेऊन ती इतर ब्राउझरांत चालवण्यासाठी वेगळा चालकही देण्यात आला. डिजिटल स्वाक्षरी वापरणाऱ्या व्यापाऱ्यांना असा अनुभव नवा नाही. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये जुन्या प्रकारचे प्लगइन बंद केले, तेव्हा जावा ॲपलेटवर विसंबलेली स्वाक्षरीची व्यवस्था त्या ब्राउझरांत निकामी झाली होती.

ब्राउझर बनवणाऱ्यांनी या अडचणीकडे अगदीच दुर्लक्ष केले, असे म्हणता येणार नाही. सायमन स्टुअर्ट यांनी वेबड्रायव्हर नावाची निराळी पद्धत मांडली होती. पानाच्या आतून जावास्क्रिप्टने कळ फिरवण्याऐवजी ब्राउझरलाच बाहेरून आज्ञा द्यावी, हे तिचे सूत्र. २००९ मध्ये दोन्ही प्रकल्प एकत्र करण्याचे ठरले आणि २०११ मध्ये सेलेनियमची दुसरी मुख्य आवृत्ती त्या रूपात आली. ५ जून २०१८ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने वेबड्रायव्हरला प्रमाणित शिफारशीचा दर्जा दिला. वजने-मापे सर्व बाजारपेठांत सारखी व्हावीत, तसाच हा प्रयत्न आहे. आता प्रत्येक ब्राउझरसाठी एक ‘ड्रायव्हर’ असतो आणि एकाच भाषेतील आज्ञा तो आपल्या ब्राउझरला समजावून देतो.

तरीही माप एक झाले म्हणून माल एकसारखा होत नाही. क्रोमच्या नव्या आवृत्त्या २०२१ पासून साधारण दर चार आठवड्यांनी येतात आणि ब्राउझर बहुधा आपोआप अद्ययावत होतो. त्याचा ड्रायव्हर मागे राहिला तर काल रात्री चाललेली चाचणी आज सकाळी सुरूच होत नाही. २०२२ च्या अखेरीपासून सेलेनियम योग्य ड्रायव्हर स्वतः शोधून आणू लागले, तेव्हा हा त्रास कमी झाला. इंटरनेट एक्सप्लोररच्या ड्रायव्हरला पडद्याचे प्रमाण नेमके शंभर टक्के लागे आणि सुरक्षेच्या सर्व विभागांतील ‘प्रोटेक्टेड मोड’ सारखा ठेवावा लागे. हे ठाऊक नसलेल्या तपासनिसांचे तास त्यात वाया गेले आहेत. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी त्या ब्राउझरला निवृत्त केले, ही या क्षेत्रातील अनेकांना सुटका वाटली असल्यास नवल नाही.

सफारीची गोष्ट आणखी निराळी. तिचा ड्रायव्हर ॲपलच्या मॅक संगणकावरच चालतो आणि बाहेरून आज्ञा स्वीकारण्याची परवानगी आधी द्यावी लागते. ज्या कार्यालयात सर्व संगणक विंडोजचे आहेत, तेथे सफारीची खरी चाचणी होऊच शकत नाही. आयफोनवर क्रोमचे चिन्ह दिसले तरी ॲपलच्या नियमामुळे आतील यंत्रणा सफारीचीच, म्हणजे वेबकिटची असते. युरोपीय संघात २०२४ पासून याला अपवाद करण्याची मुभा मिळाली आहे. तेव्हा ‘क्रोममध्ये तपासले आहे’ हे वाक्य आयफोनवरील क्रोमला लागू पडत नाही. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलेले प्लेराइट हे साधन नोंद घेऊन क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट या तिन्हींत चाचणी चालवते व योग्य क्षणापर्यंत आपोआप थांबते. त्याची उपयुक्तता मोठी आहे. परंतु त्यासोबत येणारे वेबकिट म्हणजे ग्राहकाच्या हातातील सफारी नव्हे, याचे भान ठेवावे लागते.

एवढ्या अडचणी मोजण्याचे कारण तांत्रिक कुतूहल एवढेच नाही. त्यांचा परिणाम विश्वासावर होतो. चाचणी नापास झाली म्हणजे तिचे चार अर्थ संभवतात: संकेतस्थळ खरोखर बिघडले, ब्राउझर निराळा वागला, नोंदीतील पत्ता जुना झाला किंवा यंत्राने पुरेशी वाट पाहिली नाही. पहिला अर्थ सोडला तर बाकीच्या तिन्हींत दुकान ठीकच असते. खोट्या हाका वारंवार येऊ लागल्या की तपासनीस कारण शोधणे सोडतो आणि हिरवी खूण मिळेपर्यंत चाचणी पुन्हा पुन्हा चालवतो. ज्या दिवशी सफारीमध्ये पैसे भरण्याचे बटण खरोखर बंद पडते, त्या दिवशीची लाल खूणही त्याच सवयीने बाजूस सारली जाते.

खोट्या हाकेपेक्षा खोटी शाश्वती अधिक घातक असते. समजा, एका विक्रेत्याच्या संकेतस्थळावर १,२५० रुपयांच्या दोन चादरी आणि १०० रुपये पोहोचवण्याचा खर्च, अशी २,६०० रुपयांची मागणी नोंदवून चाचणी तयार केली. नोंद घेणाऱ्याने शेवटी ‘धन्यवाद’ हा शब्द दिसतो की नाही एवढेच पडताळले. पुढे संकेतस्थळात बदल झाला आणि एका ब्राउझरमध्ये नगाची चौकट दोनाऐवजी एकच वाचू लागली. बिल १,३५० रुपयांचे झाले, ‘धन्यवाद’ मात्र ठळकपणे दिसला आणि चाचणी उत्तीर्ण झाली. यंत्राने हातांच्या हालचाली इमानाने वठवल्या. त्या हालचाली कशासाठी होत्या, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. किर्दीतील प्रत्येक ओळीवर शिक्का आहे एवढ्यावर हिशेब खरा ठरत नाही. खतावणीतील शिल्लक दुसऱ्या कागदाशी जुळावी लागते.

म्हणून नोंदवलेल्या चाचणीकडे कच्च्या किर्दीसारखे पाहावे. नोंद घ्यावी, पण ती तशीच पक्क्या वहीत उतरवू नये. ‘तिसऱ्या तक्त्यातील चौथे घर’ असे पत्ते काढून टाकावेत आणि संकेतस्थळ बनवणाऱ्याकडून महत्त्वाच्या प्रत्येक बटणाला चाचणीसाठी स्वतंत्र, न बदलणारी खूण लावून घ्यावी. गोदामातील पोत्यावर चिठ्ठी लावली म्हणजे पोते कोठेही सरकले तरी ओळखू येते, तसेच हे. सेकंद मोजून थांबण्याऐवजी ‘पोहोचवण्याचा खर्च दिसेपर्यंत’ असे कारण सांगून थांबवावे. प्रत्येक चाचणी लहान असावी आणि तिने आपली माहिती स्वतः तयार करावी. पहिलीने उरवलेल्या टोपलीवर दुसरी विसंबली तर एक पडताच साऱ्या पडतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेवटची पडताळणी पडद्याबाहेर न्यावी. मागणीच्या नोंदवहीत २,६०० रुपये उतरले का, साठ्यातून दोन नग वजा झाले का, बिलावर ग्राहकाने निवडलेलीच तारीख आली का, हे प्रश्न कोणत्याही ब्राउझरमध्ये सारखेच असतात. रकमेचे चिन्ह आणि स्वल्पविराम बाजूस ठेवून केवळ संख्या ताडली, तर दिसण्यातील फरकांनी होणाऱ्या खोट्या हाकाही थांबतात. चाचणीच्या संगणकावर भारतीय भाषा-प्रदेश आणि भारतीय वेळ ठरवून द्यावी. खरे पैसे न कापता व्यवहार करून पाहण्याची सोय पैसे स्वीकारणाऱ्या संस्था सहसा देतात. तिचा वापर करावा. आणि महिन्यातून एकदा तरी घरातील एखादा साधा अँड्रॉइड मोबाइल व एक आयफोन घेऊन माणसाने स्वतः एक मागणी नोंदवून पाहावी. ओटीपीचा टप्पा, अंगठ्याखाली झाकले जाणारे बटण, कळफलक उघडताच वर सरकणारे पान या गोष्टी माणसाच्याच लक्षात येतात.

कोणते ब्राउझर तपासावेत, याचा निर्णयही दुकानाच्या आकड्यांवरून करावा. संकेतस्थळाच्या भेटींच्या नोंदीत ग्राहक कोणत्या ब्राउझरमधून आले आणि त्यांतील कितींनी मागणी पूर्ण केली, हे पाहता येते. एखाद्या ब्राउझरमधून येणारे पुष्कळ आणि खरेदी करणारे नगण्य, असे दिसले तर तेथे काहीतरी अडते आहे, असा संशय घेण्यास जागा आहे. न फाटलेल्या पावतीचा माग काढण्याचा हा एक मार्ग होय.

समाजातील अनेक व्यापारी कुटुंबांतील मुले-मुली आज पुणे, मुंबई किंवा बंगळुरू येथे सॉफ्टवेअरच्या तपासणीचे काम करतात. घरच्या वडीलधाऱ्यांना त्या कामाचे स्वरूप कळत नाही, आणि ‘नुसती बटणे दाबून पाहणे’ एवढीच त्याची किंमत केली जाते. ज्यांनी रोज संध्याकाळी गल्ला मोजून रोजमेळाशी ताडला आहे, त्यांना खरे तर हे काम सर्वांआधी समजावे. शिल्लक जुळत नसताना ‘उद्या पाहू’ न म्हणता दिवा लावून बसणारा मुनीम आणि एकाच ब्राउझरमध्ये लाल झालेल्या खुणेचे कारण रात्री शोधणारी तपासनीस, या दोघांची चिकाटी एकाच जातीची आहे.

ज्या व्यापाऱ्यांनी संकेतस्थळ बाहेरच्या माणसाकडून करून घेतले आहे, त्यांनी दिवाळीच्या गर्दीपूर्वी त्याच्याकडे एक तक्ता मागावा. उभ्या रकान्यांत ब्राउझर आणि त्यांच्या आवृत्त्या, आडव्या ओळींत खरेदीच्या वाटा, आणि प्रत्येक घरात शेवटच्या चाचणीची तारीख व नेमके काय पडताळले ते. काही घरे रिकामी निघतील. त्यात गैर नाही, कारण सर्वच तपासणे परवडत नाही. कोणती घरे रिकामी ठेवायची, हे मात्र मालकाला ठाऊक असावे आणि त्याच्या संमतीने ठरलेले असावे.